आठांपैकी तीनच उरलो, तर श्रद्धा उणी पडली का?

जय ख्रिस्त.

आपला प्रश्न मी दोन वेळा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. आपल्या मंडळीतील अडतीस वर्षांच्या एका भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. कूलर आणि पंखे दुरुस्त करून घर चालवणाऱ्या या माणसाला आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जावे लागते. नाताळच्या आठवड्यात आपण आठ जणांनी उपासनेनंतर वेदीपुढे उभे राहून ‘शेवटपर्यंत सोबत राहू’ असे वचन दिले. आज पाच महिन्यांनी तिघेच उरले आहेत, त्या तिघांतही धुसफूस आहे, भावाची पत्नी अलीकडे दार पुरते उघडत नाही, आणि मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात की तुमची श्रद्धाच कच्ची होती. आपण विचारता की आमचे चुकले कुठे आणि पुढे टिकायचे कसे.

मी नागपुरात एकतीस वर्षे परिचारिका होते, त्यांपैकी शेवटची चौदा वर्षे डायलिसिस विभागात होते, आणि आमच्या मंडळीच्या भेट गटाचे काम त्याहूनही अधिक काळ पाहत आले आहे. तरीही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. त्या घरात सासर-माहेरचे किती हात आहेत, मुले किती मोठी आहेत, प्रत्यारोपणाचा विचार चालू आहे की नाही, आणि आपला भाऊ मोकळेपणाने मदत घेणारा आहे की ती घेताना अंग चोरणारा, यावर पुष्कळ ठरते. दुखणे दहा-पंधरा दिवसांचे असते तर मी पुढे जे लिहिणार आहे त्यातील बरेचसे निरुपयोगी ठरले असते, कारण तेवढ्या काळाला नुसती धावपळही पुरते. डायलिसिसचे तसे नाही.

आधी हिशेब करू. एक खेप म्हणजे यंत्रावरचे सुमारे चार तास, शिवाय जाणे-येणे, ताटकळणे आणि शेवटी सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा दाबून बसणे. सहा तास सहज जातात. पाच महिन्यांत अशा साधारण ६५ खेपा झाल्या असतील आणि वर्षाला त्या १५६ होतात. आठ जणांनी त्या वाटून घेतल्या असत्या तर एकाची पाळी अठरा-एकोणीस दिवसांनी आली असती, आणि नोकरी सांभाळून कोणालाही ती निभावता आली असती. परंतु आपल्या लिहिण्यावरून दिसते की पाळ्या लावल्याच नव्हत्या, ज्याला जमेल तो जात होता. ‘ज्याला जमेल तो’ याचा अर्थ व्यवहारात ‘ज्याला नाही म्हणता येत नाही तो’ असा होतो. अशी भिडस्त माणसे कोणत्याही मंडळीत दोन-तीनच असतात आणि सगळी खेप त्यांच्याच डोक्यावर येते. बाकीचे पाच जण वाईट होते म्हणून गेले असे मला वाटत नाही. एकदा जमले नाही, दुसऱ्यांदा जमले नाही, तिसऱ्यांदा तोंड दाखवायची लाज वाटली आणि मग ते रविवारीही मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाऊ लागले, असेच बहुधा घडले असेल. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही.

म्हणून त्या वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण शास्त्रातच आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना फक्त जागे राहायला सांगितले होते. काम एका रात्रीचे होते, तरी ते तिघेही झोपले, आणि प्रभूने त्याचा उलगडा करताना आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे असे म्हटले. रात्रपाळीत पहाटे तीनला खुर्चीत मान टाकणारे नातेवाईक मी आयुष्यभर पाहिले आहेत, त्यामुळे हा उतारा वाचताना मला त्या तिघांचा राग कधी आला नाही. झोपलेल्या त्याच माणसांवर पुढे मंडळी उभी राहिली. देह थकतो हे गृहीत धरून योजना करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसरे वचन एकमेकांची ओझी वाहायला सांगते, आणि लगेच पाचवे वचन म्हणते की प्रत्येकाने आपापला भार वाहिलाच पाहिजे. तरुणपणी मला ही विसंगती वाटत असे. मूळ ग्रीकमध्ये दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत, पहिला ‘बारोस’ आणि दुसरा ‘फोर्तिऑन’. पहिला माणसाला चिरडून टाकणाऱ्या वजनाचा आहे, दुसरा ज्याने-त्याने उचलायच्या आपल्या वाट्याच्या सामानाचा. कामात पडल्यावर मला कळले की दीर्घ आजारात सोबत करणाऱ्यांचे सगळे कसब या दोहोंतील सीमा ओळखण्यात असते. रुग्णाला चिरडणारे ते उचलायचे आणि जे त्याचे स्वतःचे आहे ते त्याच्याकडेच राहू द्यायचे. आपल्या गटाने पहिल्या बाबतीत घाई केली आणि दुसऱ्या बाबतीत त्या घराच्या हातातले सगळेच काढून घेतले, असा माझा अंदाज आहे. दार पुरते न उघडण्याचे कारण मला तिथेच दिसते.

हा अंदाज मी हवेत बांधत नाही, ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी नागपुरातील ‘सदर’ नावाच्या भागात एका कुटुंबात कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला. आम्ही बायकांनी रोजचा डबा ठरवला, आणि मी परिचारिका असल्यामुळे घरातील औषधांपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळ्याचा ताबा घेतला. दोन-अडीच महिन्यांनी त्या बाई आम्हांला टाळू लागल्या. आतून आवाज येई, पण कडी निघत नसे. मला फार राग आला होता. एकदा कशाबशा आत शिरले तेव्हा ओट्यावरच्या फळीवर स्टीलचे अकरा डबे ओळीने मांडलेले दिसले, घासूनपुसून लख्ख आणि प्रत्येकावर आमच्यापैकी कोणाचे तरी नाव घातलेले. मी म्हटले, ‘अहो, हे परत का नाही केले?’ त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, रिकामा डबा परत कसा करू? आणि भरायला घरात आहे काय?’ रोज सकाळी चहा करताना त्या अकरा नावांसमोर उभ्या राहत होत्या. घेणेकऱ्यांची यादी कोणी स्वयंपाकघरात टांगत नाही, आम्ही मात्र प्रार्थना करून ती टांगली होती.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. डबा रोज न जाता आठवड्यातून तीनच दिवस जाऊ लागला, आणि जिचा डबा तिने तो तिथेच थांबून रिकामा करून घ्यायचा असे ठरले. बाईंनी एकदा माझ्या डब्यात अंगणातल्या गोडलिंबाची डहाळी घातली. मी ‘कशाला हो’ म्हणणार होते, पण सुदैवाने गप्प राहिले. पुढे त्यांनीच आमच्या प्रार्थनेच्या वहीत इतर घरांची नावे लिहायला घेतली, आणि कोणाच्या घरी आजारपण आले की आम्हांला आधी त्या सांगत. सगळे एकदम सुरळीत झाले असे मात्र नाही. माझ्यावरची त्यांची अढी जायला वर्ष लागले.

आपल्या भावाच्या आहाराविषयीही लिहायला हवे, कारण प्रेमाने केलेली चूक इथे जिवावर बेतू शकते. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना नागपूरकर हंगामात संत्र्यांची पिशवी नेतो, नाहीतर शहाळे. संत्री, मोसंबी, केळी आणि नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते रक्तात साठले की हृदयाची लय बिघडते. आठवड्याच्या तीन खेपांमध्ये एक अंतर दोन दिवसांचे येते, आणि खेपा सोमवार-बुधवार-शुक्रवार असोत वा मंगळवार-गुरुवार-शनिवार, त्या लांब अंतरात रविवार येतोच. म्हणजे मंडळीचे प्रीतिभोजन, भेटीगाठी आणि आग्रह नेमक्या त्या लांब अंतरात होतात ज्यात त्याच्या शरीरात सर्वांत जास्त साठते. पाण्याचेही तसेच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना मोजून पाणी पिणे म्हणजे काय, हे आपल्याला कल्पनेनेही कळणार नाही. किती प्यायचे ते लघवीचे प्रमाण पाहून त्याचे डॉक्टर ठरवतात. आपण एवढेच करावे की त्याच्यासमोर गार सरबताचे पेले फिरवू नयेत आणि लोणचे-पापड वाढू नयेत, कारण खारटाने तहान वाढते. सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत मोजून ठेवणे, चूळ भरून टाकणे आणि बर्फाचा लहान खडा चघळणे यांनी पुष्कळांना निभावते, मात्र तो खडाही त्या बाटलीच्या हिशेबात धरायचा. कोणती भाजी चालते आणि कोणती नाही, याची यादी त्याच्या विभागातील आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि डबा देणाऱ्या प्रत्येक घरी तिची एक प्रत द्या.

पाळ्यांविषयी माझी पद्धत सांगते. माणसे वाढवण्याआधी काम कमी करता येते का ते पाहावे. ज्याची प्रकृती स्थिर आहे असा रुग्ण बहुधा जाताना एकटा जाऊ शकतो. सोबतीची गरज येताना असते, कारण त्या वेळी रक्तदाब उतरलेला असतो आणि अंगात त्राण नसते. त्याच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तर आपला सहा तासांचा दिवस दीड तासावर येईल, आणि गेलेल्या पाचांपैकी दोघे तरी तेवढ्यासाठी परत येतील असे मला वाटते. दुसरे म्हणजे वचनाची मुदत बदला. ‘शेवटपर्यंत’ हा शब्द वेदीपुढे शोभतो, पण कॅलेंडरवर लिहिता येत नाही. तीन महिन्यांचे वचन द्या, ते संपले की एकत्र बसा, ज्याला थांबायचे असेल त्याचे आभार मानून त्याला मोकळे करा आणि उरलेल्यांनी पुढचे तीन महिने घ्यावेत. थांबण्याची सन्माननीय वाट असली की माणसे तोंड लपवून जात नाहीत, आणि विसावा घेऊन पुष्कळदा परतही येतात. पाळ्यांचा कागद आपल्यापैकी कोणाच्या मोबाइलमध्ये न ठेवता त्यांच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर लिहावा आणि तो त्या बाईंनीच लिहावा, म्हणजे कोणी कधी यावे आणि कधी येऊ नये हे त्या ठरवतील. पाळ्या जुळवणाऱ्या माणसाने स्वतः पाळी घेऊ नये, नाहीतर प्रत्येक रिकामी जागा तोच भरत बसतो; चिडचिड तिथूनच सुरू होते.

निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना वर उचलून धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत उचलून धरले, ही गोष्ट आपण मुलांना चित्रासह शिकवतो. पण त्या दोघांनी आधी काय केले हे आपण सहसा सांगत नाही. त्यांनी एक धोंडा आणून मोशेला त्यावर बसवले. उभ्या माणसाचे हात दिवसभर धरले असते तर तिघेही दुपारीच कोसळले असते. मी मुदतीचा आणि कालनिर्णयावरच्या पाळ्यांचा एवढा पाल्हाळ लावला तो त्या धोंड्यासाठी.

तिघांतल्या धुसफुशीबद्दल आपण फारसे लिहिलेले नाही, फक्त एकाला घरी जाऊन उपवास-प्रार्थना वाढवायची आहे आणि दुसऱ्याला ‘आधी पैशांचे पाहू’ असे वाटते, एवढेच आहे. दोघेही बरोबर आहेत आणि दोघांनी एकमेकांना पटवण्याची गरज नाही. आपल्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यांच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, आणि लहान मुलांचा बाप्तिस्मा की मोठ्यांचा, या प्रश्नावर एकमत न होता दोन्ही पद्धती मान्य करून ती एकी झाली. मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटी बाहेर राहिली, तरी आमच्या भेट गटात मेकोसाबागेतील मेथडिस्ट भगिनी वर्षानुवर्षे आमच्याबरोबर पाळ्या करत आल्या आहेत. एवढ्या मोठ्या प्रश्नावर वेगवेगळ्या मतांनी एका छताखाली राहता येते, तर एकाने प्रार्थना सांभाळावी आणि दुसऱ्याने कागदपत्रे, यात अडचण नसावी.

कागदपत्रांत सर्वांत आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाहा. तिच्यात डायलिसिसचा समावेश आहे, आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. आधार आणि शिधापत्रिका घेऊन तिथे विचारावे. मंडळीतून गोळा झालेले पैसे दोघांच्या सह्यांनी द्यावेत, वहीत लिहावेत आणि ते पाकीट चारचौघांत कधी देऊ नये.

आणखी दोन गोष्टी मी जरा कठोरपणे लिहिते. पहिली अशी की एखाद्या आरोग्यदानाच्या सभेनंतर कोणी त्याला ‘आता विश्वास ठेव आणि यंत्र सोड’ असे म्हणाले, तर गटाने एकमुखाने ‘नाही’ म्हणावे. प्रार्थना अवश्य करावी, आम्हीही खाटेशेजारी करत होतो, पण खेप चुकवली तर फुप्फुसांत पाणी भरायला आणि पोटॅशियम चढायला फार दिवस लागत नाहीत. दुसरी मूत्रपिंडाची. प्रार्थना सभेत ‘याला कोण किडनी देणार?’ असा प्रश्न कधीही उघडपणे विचारू नका आणि कोणा नातेवाइकाकडे पाहून उसासाही टाकू नका. तो निर्णय त्या घराचा आणि डॉक्टरांचा आहे. भक्तीच्या वातावरणात अशा प्रश्नाचा दाब फार येतो. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीसाठी नागपुरात विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे, आणि तिची चौकशी उपचार करणाऱ्या रुग्णालयामार्फत करता येते.

गेलेल्या पाचांकडे समूहाने जाऊ नका. पंचायत बसल्यासारखे वाटते. एकेकाला एकट्याने भेटा, मागचे काही काढू नका, आणि ‘गुरुवारी साडेचारला त्याला घरी सोडायचे आहे, जमेल का?’ असे नेमके एक काम विचारा. जो ‘नाही’ म्हणेल त्याला पुन्हा एक महिना विचारू नका. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनाही असेच एखादे काम द्या. दर खेपेच्या संध्याकाळी भावाला फोन करून दोन मिनिटे बोलणे त्यांना नक्की जमेल. मला वाटते, महिनाभर तो थकलेला आवाज ऐकल्यावर श्रद्धेच्या कच्चेपणाविषयी ते वेगळे बोलू लागतील, पण याची खात्री मी देणार नाही.

या आठवड्यात मात्र एवढेच करा. आपल्या गटात कोणी भगिनी असतील तर त्यांच्यापैकी दोघींनी रिकाम्या हाताने त्या घरी जावे, आधीचे डबे मागून घ्यावेत, आणि बाईंनी त्यांत चिमूटभर साखर घातली तरी ‘कशाला’ न म्हणता घेऊन यावे. आणि आपण भावाकडे आपल्या घरचा बिघडलेला कूलर न्या. ज्या हातावर त्याचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, आहे त्या हाताने त्याने वजन उचलायचे नाही, म्हणून मोटर आपण काढून त्याच्यासमोर ठेवा आणि दुरुस्तीचे जे काय होतील ते पैसे घासाघीस न करता द्या. कूलर खरोखर बिघडलेला असावा. मुद्दाम तार ओढून नेलीत, तर इतकी वर्षे हेच काम केलेल्या माणसाला ते पाहताक्षणी कळेल.